मँचेस्टर विज्ञान व उद्योग संग्रहालय
इंग्लंडमधील औद्योगिक इतिहासाचे एक प्रसिद्ध संग्रहालय. ते १९८३ पासून लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्गाच्या मँचेस्टर येथील जुन्या अंत्यस्थानकात आहे. हे स्थानक १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाले. तेथील प्रवासी वाहतूक १८४४ मध्ये व मालवाहतूक १९७५ मध्ये थांबली. स्थानकाच्या १८३० मधील वखारीत लिव्हरपूल बंदरातून आलेला कापूस साठवीत. हा कापूस मुख्यत्वे अमेरिकेतील गुलामांच्या श्रमांतून पिकलेला असे. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) त्याची आवक खुंटली. त्यामुळे लँकाशरमधील असंख्य गिरणी-कामगार बेकार झाले, तर मुंबईच्या कापूस-व्यापारास विलक्षण तेजी आली. संग्रहातील सूतकताईची व विणकामाची यंत्रे पाहताना प्रेक्षकाने ही वखारही पाहिली, म्हणजे यांत्रिक प्रगतीची किंमत कोणी मोजली, हे त्याच्या ध्यानी येते.