सहा आठवड्यांची मुदत

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दहा मूल्यं रंगवलेली होती. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा वगैरे. रोज परिपाठाला आम्ही त्यांच्यासमोर रांगेत उभे राहायचो. तुमच्याही शाळेत बहुधा हीच यादी असेल. त्या भिंतीच्या मागे मुतारी होती आणि ती धुवायला दर शनिवारी त्याच चार मुलांना पाठवलं जायचं. ती मुलं कोणत्या वस्तीतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मुख्याध्यापकांनाही होतं. त्यांना याचा जाब कधी कुणी विचारला नाही. मीही गप्प राहिलो. श्रमप्रतिष्ठा म्हणजे काय, हे आम्ही भिंतीवरून शिकलो नाही. ते त्या शनिवारांनी शिकवलं.

पुढे इतिहास वाचायला लागल्यावर कळलं, की भिंतीच्या पुढे एक आणि मागे दुसरं, ही गोष्ट आपल्याकडे सरकारी शाळांइतकीच जुनी आहे.

१८५६ साली धारवाडमधल्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सरकारचं उत्तर मोठं चतुर होतं. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण या एकट्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, म्हणून प्रवेश नाकारला. लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांना हे पटलं नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत, अशी भूमिका त्यांनी घेतली.

म्हणजे तत्त्व तेव्हाच ठरलं होतं. ते पाळलं नाही तर कुणाला जबाबदार धरायचं, हे मात्र ठरलं नव्हतं.

त्याचा परिणाम चार दशकांनंतर साताऱ्यात दिसतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. प्रवेश मिळाला होता, कारण नियम तसा होता. पण त्यांना बसायला वेगळं गोणपाट होतं आणि ते रोज घरून आणून पुन्हा घरी न्यावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तर तो नळ सोडणार, नसेल तर तहानलेलंच राहायचं. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. वर्गातली बाकीची मुलंही हे रोज पाहत होती. माणसाशी कसं वागायचं असतं, याचं शिक्षण त्यांनाही मिळतच होतं.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचा एक हुकूम मला फार वेगळा वाटतो.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ही गोष्ट आपल्याला पाठ असते. १९१९ चा हुकूम तितकासा माहीत नसतो. जमीन, इमारत, पैसा अशी कुठल्याही स्वरूपात दरबारची मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना इतरांपेक्षाही अधिक प्रेमाने आणि आदराने वागवावं, असं त्यात म्हटलं होतं. कारणही दिलं होतं : वरच्या वर्गातली मुलं कशीही आपली वाट काढतात, या मुलांना ते अवघड जातं.

इथवर हा सुविचारच म्हणायचा. खरी गोम पुढे आहे. शिक्षण खात्यातल्या ज्या कुणाला हे मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही.

प्रेम आणि आदर हुकूम काढून निर्माण होत नाहीत, हे महाराजांना कळत नसेल असं मला वाटत नाही. पण वर्गात कुणाला कुठे बसवायचं आणि पाणी कसं द्यायचं, हे हुकमाने ठरवता येतं. ते ज्याच्या हातात आहे, त्याला जबाबदार धरता येतं. चारित्र्याची परीक्षा त्यांनी मुलांची नाही घेतली, आधी शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांची घेतली. त्याच वर्षी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा आदेश निघाला.

एका हुकमाने मनं बदलली नाहीत, हे उघड आहे. शेजारच्या मुंबई इलाख्यातही तोच अनुभव आला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. अनेक ठिकाणी तो कागदावरच राहिला. म्हणून १९२६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड ठराव अमलात आणणार नाही, तिचं अनुदान थांबवावं, अशी शिफारस या वेळी होती. कोल्हापूरला जे आधीच उमगलं होतं, ते इथे तीन वर्षं वाया गेल्यावर उमगलं.

आज आपल्याकडे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. त्याचं १७ वं कलम मुलांना मारहाण आणि मानसिक छळ करायला मनाई करतं आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सांगतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात ७५ टक्के पालक असावे लागतात. म्हणजे जाब विचारायची जागा आहे. बऱ्याच शाळांत ही समिती सह्यांपुरती उरते, हा भाग वेगळा.

माझी बहीण यंदा तिच्या मुलाच्या शाळेच्या समितीवर आली. पहिल्याच सभेत तिने विचारलं, "सर, साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता कुठे आहे?" तक्ता नव्हता. पुढच्या सभेपर्यंत करून ठेवतो, असं मुख्याध्यापक म्हणाले. तिने सभेच्या इतिवृत्तात तारीख लिहून घेतली.