पलंगाचे वय

जुन्या पलंगाचे वय ठरवताना आपल्याकडचे हौशी ग्राहक बहुधा इंग्रजी पुस्तकांतल्या कसोट्या लावतात. फळीवर करवतीच्या सरळ, कमीजास्त अंतराच्या रेघा असतील तर ती हाताने कापलेली. कमानदार रेघा असतील तर यंत्राच्या गोल करवतीची. म्हणून सरळ रेघा दिसल्या, की माल जुना! इंग्लंडात हे बऱ्याच अंशी खपते, कारण तिथे एकोणिसाव्या शतकात यंत्राने सुताराचे बरेचसे काम बळकावले. कोकणात मात्र दोघांनी ओढायची करवत, रंधा आणि पटाशी विसाव्या शतकातही सुखाने चालत होती. हाताचे काम हा इथे वयाचा पुरावा होत नाही.

दुसरी कसोटी गोलाईची. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत आक्रसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. त्यामुळे कातलेला गोल खांब काळाने किंचित लंबगोल होतो. ओकच्या बाबतीत ठीक. पण सागवान मुळातच कमी आक्रसणारे. सागवानी खांब दोरीने मापून गोल भरला, म्हणून तो नवा म्हणू नये.

मग पाहायचे काय? माझे मत असे, की आपल्या फर्निचरचे वय लाकडापेक्षा लोखंड आणि काच अधिक खरे सांगतात, कारण ती बाहेरून येत. अणकुचीदार टोकाचा यंत्रावरचा स्क्रू घ्या. स्लोन या अमेरिकन माणसाचे त्याबद्दलचे पेटंट 1846 चे. इंग्लंडात नेटलफोल्ड यांनी ही यंत्रे 1854 मध्ये आणली. त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे. ‘पेशवाईतला’ म्हणून दाखवलेल्या पलंगातून असा टोकदार स्क्रू निघाला तर त्याचे भोकही तपासावे. शेजारी जुने, बुजवलेले भोक असेल तर स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो. नसेल तर पेशवाई विसरावी. आरशाच्या टेबलाच्या पाठीला मूळचाच प्लायवूड असेल तर ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले नव्हे. अर्थात हा पुरावा ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो.

मच्छरदाणीच्या चार खांबांच्या पलंगात खरी गोम जोडकामात असते. हा पलंग सुटा होतो, म्हणूनच त्याची सरमिसळ सोपी. दोन पलंगांचे धड भाग घेऊन तिसरा उभा करतात. आजची गादी बसावी म्हणून बाजूच्या पट्ट्या लांबवतात किंवा नव्याच घालतात. कुसू आणि खाच यांच्यापाशी सुताराने पटाशीने मारलेल्या खुणा शोधाव्यात. चारही कोपऱ्यांत त्या जुळल्या पाहिजेत. वेताच्या विणीची भोके पट्टीवर आहेत आणि डोक्याकडच्या आडव्या लाकडावर नाहीत, तर ही दोन्ही एका पलंगाची नव्हेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत शिसवीवर दाट कोरीव काम करून युरोपीय घाटाचे सामान घडू लागले. त्याला आज मागणी फार, म्हणून सागवानाला काळा रंग देऊन शिसवी म्हणून विकणारेही आहेत. कोरीव बाजूवर भाळू नये. पलंग उलटा करून खालची बाजू पाहावी, घासलेल्या कडांतून पिवळट लाकूड डोकावते का ते पाहावे, आणि एक टोक उचलून बघावे. शिसवी सागवानापेक्षा बरीच जड.

घेताना मी विक्रेत्याला गाव आणि घर विचारतो, आणि उत्तर कागदावर लिहून पलंगाच्या पट्टीखाली चिकटवतो. कोरलेले खांब कापून दिव्याचे स्टँड होतात, डोक्याकडच्या फळ्या हॉटेलांच्या भिंतींवर जातात. नंतर पलंग कुणाकडचा, कोणत्या गावचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

परदेशी मुलाकडे पलंग पाठवणाऱ्यांनी 1972 चा पुरावशेष कायदाही लक्षात घ्यावा. शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकते. मग खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. त्यामुळे दुकानात दीडशे वर्षांचा असलेला पलंग बंदरावर पोचेपर्यंत पन्नास वर्षांचा होतो. विक्रेत्याकडून वय पावतीवर लिहून मागावे. पुष्कळदा तिथेच भाव उतरतो.