सिकंदराबादचे उतारू

परगावी भेटलेला ओळखीचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठे उतरलात?’ हा. प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु निजामी अमदानीत मराठवाड्याच्या माणसाला राजधानीत तो विचारला जाई, तेव्हा त्याच्या पोटात जात, सोयरीक आणि ऐपत या तिन्हींची चौकशी दडलेली असे. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हैदराबाद होती. अपिलाचे न्यायालय तेथे, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तेथे, मोठा दवाखानाही तेथेच. दोन-चार दिवसांसाठी राजधानीस जाणाऱ्यांचा राबता मोठा होता. लढ्यांचे आणि राज्यकर्त्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. हा चार दिवसांचा पाहुणा काय खाई आणि कोठे पथारी टाकी, याकडे मात्र आपल्या लेखकांचे लक्ष क्वचितच गेले.

उतरण्याची सोय या शहरास नवी नव्हे. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने येथील काही मशिदी परक्यांना सराया म्हणून उपयोगी पडत असल्याची नोंद केली आहे. हयातनगरच्या मशिदीभोवतीच्या वाटसरूंच्या खोल्या आणि ‘कारवान’ हे मोहल्ल्याचे नाव या गोष्टी त्याच काळाची साक्ष देतात. सरायीतील मुक्काम परंपरेने तीन दिवसांचा. आमच्याकडील प्रवासी बरोबर दशम्या घेई, त्याही तीन दिवस टिकत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवीत, म्हणून सोवळे पाळणाऱ्यास ती प्रवासात चाले. पाण्याने बाटणारे अन्न दुधाने शुद्ध राहते, ही युक्ती ज्या कोणा गृहिणीला प्रथम सुचली तिने अर्धा प्रवासच सुकर केला म्हणावयाचा.

सिकंदराबादची गोष्ट निराळी. १७९८ च्या तैनाती करारानंतर हुसेनसागरापलीकडे इंग्रजी फौजेची छावणी पडली आणि १८०६ साली तिला निजाम सिकंदरजाहाचे नाव मिळाले. १८७४ मध्ये वाडीहून आलेला लोहमार्ग येथवर पोचला. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे अरुंद रुळांची गाडीही आली. तळ्याच्या एका काठावर निजामाचा हाली रुपया आणि दुसऱ्या काठावर इंग्रजांचा कलदार! सात हालींचे सहा कलदार होत. तेव्हा प्रवाशाच्या कनवटीला दोन प्रकारची नाणी असत आणि खानावळीच्या दारात हिशेब चुकला की वादास तोंड फुटे. १९४५ च्या अखेरीस सिकंदराबादचा मुलकी भाग निजामाकडे परत आला.

नांदेडकडून येणारी गाडी बोलारमवरून आधी सिकंदराबादला थांबे व मग काचीगुड्यास जाई. ‘ज्याला सोयरा तो काचीगुड्याला, ज्याला कोणी नाही तो सिकंदराबादला,’ असे माझे वडील म्हणत. सुलतान बाजार, गौळीगुडा, शालीबंडा या भागांत मराठी घरे होती. त्यांच्या ओसरीवर गावाकडचे कोणी ना कोणी सदैव पडलेले असे. नरहर कुरुंदकर सिटी कॉलेजात शिकले ते मामा डॉ. नांदापूरकर यांच्या घरी राहून. मामा नसलेली मुले वार लावून जेवत. या आतिथ्याचे आपण भरभरून गुणगान करतो आणि ते अयोग्यही नाही. पण वार लागे तो जातीच्या घरी, आणि ओसरीही जात पाहूनच मोकळी होई, हे सांगावयाचे आपण विसरतो. ज्याच्या जातीचे घर सुलतान बाजारात नव्हते, त्याने फलाटावर निजावे.

या व्यवस्थेला पहिला छेद एखाद्या सुधारकाने दिला असता तर आपल्याला बरे वाटले असते. माझ्या मते तो दिला इराण्याच्या चहाने. यज्द व केरमान या भागांतील इराणी मुंबई-पुण्यामार्गे येथे आले आणि त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेले थाटली. नाक्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानून सोडीत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. तांब्याच्या भांड्याचे तोंड बंद करून पाण्यात चहा मुरवावयाचा, दूध वेगळे आटवावयाचे आणि दोन्ही कपातच एकत्र करावयाची, ही त्यांची रीत. सोबत उस्मानिया बिस्किट. संगमरवरी मेजाभोवती जेथे खुर्ची रिकामी तेथे बसावे. शेजारी कोण, हे विचारण्याची पद्धत नव्हती. इराण्याला आपल्या जातींची उतरंड ठाऊकच नव्हती, की ठाऊक असूनही तिचा गल्ल्याशी संबंध नव्हता, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवितो. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने उपाहारगृहांबरोबर धर्मशाळा, सराय आणि मुसाफिरखाना यांची नावे घेऊन तेथील मज्जाव दंडनीय ठरविला. कायद्याला ही नावे घ्यावी लागली, यावरून दारे किती बंद होती ते कळते.

१९८२ साली डोळे दाखविण्यासाठी वडील मला सिकंदराबादला घेऊन गेले. पहाटे गाडीतून उतरून आम्ही फलाटावरच दशम्या खाल्ल्या आणि स्थानकासमोरच्या इराण्याकडे गेलो. समोरच्या खुर्चीवर एक वयस्क गृहस्थ येऊन बसले आणि वडिलांकडे पाहून एकदम उभे राहिले. ते आमच्याच गावचे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. तरुणपणीच गाव सोडून लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात लागलेले. वडील म्हणाले, ‘बसा हो, बसा.’ गावात त्यांच्या वयाच्या त्या वस्तीतील माणसाला वडिलांनी अहोजाहो केलेले मी तोवर ऐकले नव्हते. आमच्या घरी त्यांना कधी चहा मिळाला असेल तर तो अंगणात, आणि कप त्यांनीच विसळून पालथा घातला असेल. येथे एकाच पोऱ्याने तिघांपुढे एकसारखे कप ठेवले. दोघे पावसापाण्याविषयी, गावच्या विहिरीविषयी बोलले. माझ्या डोळ्यांची त्यांनी आस्थेने चौकशी केली.

पैसे त्यांनी दिले. वडिलांनी खिशात घातलेला हात त्यांनी धरून ठेवला. निघताना त्यांनी आपल्या क्वार्टरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले, ‘मालक, पुढच्या वेळेला लालागुड्याला उतरा. पोराला घरचं जेवण मिळेल.’ वडिलांनी चिठ्ठी नीट घडी करून पाकिटात ठेवली. डोळ्यांसाठी त्यानंतर आणखी दोनदा आम्ही सिकंदराबादला गेलो. दोन्ही वेळा स्थानकाजवळच्या लॉजमध्ये उतरलो.