दूधविनायक ते चंद्रागिरी

काशीतील दूधविनायक हा मोहल्ला मराठी माणसाला परका नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट यांच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांतून मराठी वैदिकांची आणि पंडितांची घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आली. परंतु या गल्ल्यांत मराठीच्या जोडीने आणखी एक पाहुणी भाषा ऐकू येते, ती म्हणजे नेपाळी. काशीवासासाठी आलेले वृद्ध, संस्कृत शिकण्यास आलेले विद्यार्थी आणि राजकोपामुळे देश सोडावा लागलेले पुढारी यांनी तिला येथे घर मिळवून दिले. काठमांडूत राणांच्या धाकामुळे जे छापणे कठीण, ते काशीत छापले जाई. मोतीराम भट्ट यांनी भानुभक्ताचे संपूर्ण नेपाळी रामायण १८८७ मध्ये प्रसिद्ध केले, तेही काशीतूनच. दूधविनायकावरील नेपाळी ग्रंथविक्रेत्यांची पुस्तके डोंगर ओलांडून घरोघर पोहोचत.

आज एखादा तरुण मोटारसायकलीला किक मारून काशीहून निघतो आणि रक्सौलवरून दुसऱ्या दिवशी काठमांडूच्या खोऱ्यात उतरतो. त्याच्या पूर्वजांना हा प्रवास कसा घडत असे, आणि तो इतका बिकट का ठेवण्यात आला होता, याचा विचार आज आपण करू.

जुना मार्ग रक्सौल, वीरगंज, हेटौडा, भीमफेदी असा जाई. भीमफेदीपासून खरी चढण लागे. प्रथम चिसापानीगढीची खिंड. चिसापानी म्हणजे थंड पाणी. नावातच तेथील हवेचे वर्णन आहे. पुढे कुलेखानी, चितलांग, आणि अखेरीस सव्वादोन हजार मीटरांहून उंच असलेली चंद्रागिरीची खिंड. तिच्या माथ्यावरून काठमांडूचे खोरे प्रथम दृष्टीस पडे. मग थानकोटपर्यंत सरळ खाली उतरणारी घसरती वाट.

हा प्रवास थंडीतच का करीत? त्याचे कारण डोंगरात नव्हते, पायथ्याशी होते. तराईच्या जंगलात ‘औल’ नावाचा हिवताप असे. उन्हाळा-पावसाळ्यात तेथे एक रात्र काढणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. हिवाळ्यात डासांचा जोर ओसरला म्हणजेच तराई सुरक्षित होई. म्हणून तराईतील तापापासून वाचायचे, तर खिंडीतील गारठा सोसावा लागे. सुदैवाने महाशिवरात्रही याच ऋतूत येते. एरवी परक्याला राहदारीच्या परवान्यावाचून नेपाळात प्रवेश नसे. पशुपतिनाथाच्या यात्रेपुरते मात्र थोडे दिवस दार किलकिले होई, आणि भारतातील यात्रेकरू घोंगड्या पांघरून चंद्रागिरी चढू लागत.

मराठी इतिहासालाही या वाटेचा स्पर्श झाला आहे. १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांनी नेपाळच्या तराईत आश्रय घेतला. त्यांच्या कुटुंबातील स्त्रियांना जंगबहादुर राणाने काठमांडूत राहू दिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘कृष्णराव’ या नावाने नेपाळात राहिले. बाहेरून कौलांचा कारखाना आणि आतून शस्त्रनिर्मितीचा बेत, असा तो उद्योग होता. इंग्रजांच्या नजरेआड जाण्यास याहून चांगली जागा कोणती? बंद खिंड ही अशा वेळी आश्रय देणारी भिंत ठरे.

राणांनाही ही भिंतच हवी होती. हिंदुस्थानातील संस्थानांची काय गत झाली, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले होते. चांगला रस्ता झाला की त्यावरून व्यापारी येतो, मागोमाग पलटण येते, हे भय अगदीच निराधार नव्हते. पण भिंतीला दोन बाजू असतात. बाहेरचा शत्रू जसा आत येत नाही, तसा आतल्या प्रजेचा आवाजही बाहेर जात नाही, हा तिचा दुसरा लाभ राणांनी पुरता ओळखला होता.

स्वतःच्या सोयीच्या आड मात्र त्यांनी ही भिंत येऊ दिली नाही. काठमांडूत मोटारी होत्या, खोऱ्यापुरते रस्तेही होते. मग मोटारी आल्या कशा? चाके काढून, लाकडी वाशांच्या सांगाड्याला बांधून, माणसांच्या खांद्यांवरून. मोठ्या गाडीला साठ-साठ माणसे लागत. १९११ साली फर्पिंग येथे वीजघर सुरू झाले, त्याची अवजड यंत्रेही डोंगर ओलांडूनच आली. १९२७ मध्ये रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत रेल्वे धावू लागली. त्याच सुमारास भीमफेदीजवळून खोऱ्यापर्यंत मालासाठी तारेवरचा पाळणामार्गही झाला. मालाला असा आकाशमार्ग मिळाला, प्रवाशाला मात्र जुनी पायवाटच उरली. कपाळावर नाम्लोचा पट्टा आणि पाठीवर डोको घेतलेले ‘भरिया’, म्हणजे भारवाहक, थंडीत त्याच पायऱ्या चढत राहिले.

१९५० च्या नोव्हेंबरात राजे त्रिभुवन यांनी राणांच्या कचाट्यातून सुटून दिल्ली गाठली, ती विमानाने. १९५१ च्या फेब्रुवारीत राणाशाही संपली आणि लागलीच रस्त्याचा प्रश्न पुढे आला. भारतीय सैन्यातील अभियंत्यांनी डोंगर फोडून १९५६ मध्ये त्रिभुवन राजपथ वाहतुकीस आणला. चंद्रागिरीला बगल देऊन हा मार्ग दामन गावाजवळ सिमभंज्याङ येथे २,४८८ मीटरांवर चढतो. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरांचे आहे, यावरून या उंचीची कल्पना यावी.

हिवाळ्यात येथून दुचाकी हाकणे ही आजही सोपी गोष्ट नव्हे. दर हजार मीटरांना उष्णतामान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे वीरगंजच्या मानाने माथ्यावर पंधरा-सोळा अंशांची थंडी अधिक. वेगाचा वारा बोटे बधिर करतो आणि ब्रेकवरची पकड मंदावते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो, त्यामुळे इंजिनाचा जोरही घटतो. सावलीतल्या वळणांवर पहाटेचे दहिवर गोठलेले असते. जाणता स्वार उतारावर खालचा गियर टाकून इंजिनालाच गाडी आवरू देतो. जड वाहतूक पुढे दुसऱ्या मार्गांनी वळल्यामुळे या वळणांच्या रस्त्यावर आता हौशी स्वार आवर्जून येतात.

चंद्रागिरीही पूर्वीसारखीच राहिली असे नाही. २०१६ पासून तर तिच्या माथ्यावर तारेच्या पाळण्यातून माणसेही जातात. जी उंची एकेकाळी परवान्यावाचून ओलांडता येत नसे, ती आज तिकीट काढून पाहता येते. हा बदल सर्वस्वी स्वागतार्ह आहे. एखाद्या देशाच्या रक्षणासाठी त्याचे रस्ते अडवून धरावेत काय, हा प्रश्न मात्र जगात अद्याप मिटलेला नाही. नेपाळच्या इतिहासाने त्याचे एक उत्तर दिले आहे: वाट अडवली, तरी पुस्तके दूधविनायकाहून पोहोचलीच, आणि मोटारीही पोहोचल्या. फरक एवढाच की, रस्ता नसल्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांनी त्या मोटारींत कधी पाऊल ठेवले नव्हते. गरम हातमोजे घालून सिमभंज्याङ ओलांडणाऱ्या स्वाराने घटकाभर थांबून त्या भरियांचे स्मरण करावे. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.