बांबूचा वाद आणि निबंधाचा आराखडा

बांबू हे झाड की गवत? वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळते: बांबू हा तृणकुलातला, म्हणजे गवताचाच भाऊबंद. परंतु गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावापुढे हा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. बांबू झाड ठरला तर त्यावर सरकारचा ताबा. गौण वनउपज ठरला तर तो गावाचा. २०११ साली हा वाद गावाच्या बाजूने सुटला. तो कसा सुटला हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांतून निबंध शिकविणारांनी अवश्य पाहण्यासारखे आहे. कारण आपले मत मांडण्यापूर्वी त्याचा आराखडा कसा आखावा, याचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शाळेत निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला गेला की मुले बहुधा पहिले वाक्य शोधू लागतात. पहिले सापडले की त्याच्या शेपटाला धरून दुसरे येते, दुसऱ्यामागून तिसरे. पाने भरतात, पण लेखकाचे म्हणणे काय हे वाचणारास कळत नाही, आणि पुष्कळदा लिहिणारासही ते कळलेले नसते. पावसाळ्याचे किंवा जत्रेचे वर्णन करावयाचे असेल तर हा दोष खपून जातो. वादाच्या विषयात तो खपत नाही, कारण तेथे समोर प्रतिपक्ष उभा असतो आणि तो प्रत्येक वाक्यास 'कशावरून?' असे विचारीत असतो.

मेंढ्याच्या लोकांपुढे असा प्रतिपक्ष खरोखरीच उभा होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतच बांबूचा समावेश केला होता. त्यामुळे परवान्यावाचून जंगलातील बांबूची तोड किंवा वाहतूक करता येत नसे, आणि या मुलखातील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे. ज्या कागदावर मुले निबंध लिहीत, तो कागद ज्या बांबूचा, त्यावर तो राखणाऱ्या गावाचा हक्क मात्र नव्हता.

१९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध या भागात मोठी चळवळ झाली. तिच्या ओघात मेंढ्याच्या लोकांनी आपल्या गावाचा कारभार आपणच पाहण्याचा निश्चय केला. देवाजी तोफा हे गावातले आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येणारे कार्यकर्ते, या दोघांच्या सहकार्याने तेथे अभ्यास गटाची पद्धत रूढ झाली. तिचे मर्म असे की, अभ्यास गटाने विषयाचा केवळ अभ्यास करावयाचा, निर्णय द्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमत असते तर थोड्यांचे आक्षेप हात वर करून बाजूस सारता आले असते. सर्वसहमतीत ती सोय नाही. एका माणसाची शंका राहिली तरी निर्णय थांबतो. तेव्हा प्रत्येक आक्षेप ऐकून घेणे आणि त्याचे उत्तर शोधणे हे गावास भागच पडले. आपल्या शास्त्रकारांनी यालाच पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशी नावे दिली होती.

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला व २००८ मध्ये त्याचे नियम झाले. या नियमांत दाव्याच्या पुराव्यांची जी यादी आहे, ती विद्यार्थ्यांनीही वाचावी. सरकारी कागदपत्रे, नकाशे, जनगणनेच्या नोंदी, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, इतकेच नव्हे तर गावच्या वृद्धांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले कथन, हे सर्व पुरावे म्हणून मान्य आहेत. मात्र एकाहून अधिक पुरावे पाहिले जावेत असा दंडक आहे. एका खांबावर मंडप उभा राहत नाही, हेच तत्त्व येथे कायद्याने सांगितले. मेंढ्याने दावा सिद्ध केला, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत मेंढ्याची गणना होते.

परंतु बांबू तोडून विकण्याची वेळ आली तेव्हा वन खात्याने वाहतुकीचा परवाना दिला नाही, आणि मूळ प्रश्न पुन्हा पुढे आला. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. गावाची बाजू त्यांत मांडून पाहिली तर ती अशी दिसते. प्रतिज्ञा: आमच्या वनातील बांबू विकण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. हेतू: कारण बांबू ही गौण वनउपज आहे. उदाहरण: परंपरेने गोळा केली जाणारी गौण वनउपज गोळा करणारांच्या मालकीची असते, जसे मध, जसे तेंदूपान. उपनय: २००६ च्या कायद्याने ज्या यादीत मध आणि तेंदूपान घातले, त्याच यादीत बांबूचेही नाव आहे. निगमन: म्हणून बांबू ग्रामसभेचा. पाच वाक्यांचा हा आराखडा. पण यातले एक जरी गळले तरी पुढचे वाक्य अधांतरी राहते.

आता पूर्वपक्ष. १९२७ चा कायदा बांबूस झाड म्हणतो, त्याचे काय? उत्तर असे की, २००६ चा कायदा नंतरचा असून, इतर कायद्यांत काहीही असले तरी हे हक्क दिले जातात, असे त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. दुसरा आक्षेप असा की, गावाच्या हाती बांबू दिल्यास जंगल उजाड होईल. त्याचे उत्तर असे की, तोच कायदा ग्रामसभेस वनाच्या रक्षणाचा अधिकार देतो व ती जबाबदारीही तिच्यावर टाकतो. आणि मेंढ्याच्या ग्रामसभेने जंगल राखण्याचे नियम स्वतःवर आधीच घालून घेतले होते. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूस गौण वनउपज मानण्यास सांगितले, आणि २७ एप्रिल रोजी मेंढ्यात येऊन वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातील 'झाड' या व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला.

हे प्रौढांचे काम झाले; शाळेतल्या मुलांस ते कसे साधावे, अशी शंका येईल. तिचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्यात तिने प्रतिपक्षाचे म्हणणे आरंभीच खोडून काढले नाही. उलट ते क्षणभर खरे धरले. वेदांवर एकाच वर्णाचा अधिकार असेल, तर इतरांपाशी धर्मग्रंथ नाही असेच ठरते, हा निष्कर्ष तिने प्रतिपक्षाच्याच विधानातून काढला. मग पेशवाईतील जुलमाचे दाखले, मग आपल्या लोकांतील स्त्रियांचे हाल, आणि शेवटी विद्या शिकण्याचा आग्रह. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे. चौदा वर्षांच्या मुलीस जे साधले ते आजच्या मुलांस साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तेव्हा शिक्षकाने विषय दिल्यावर लेखणी लगेच उचलू देऊ नये. कागदाची उभी घडी घालून एका बाजूस आपले म्हणणे व त्याची कारणे, आणि दुसऱ्या बाजूस विरोधकाचे म्हणणे लिहावयास सांगावे. विरोधकाची बाजू त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत लिहिली गेली नसेल, तर कागद परत द्यावा. घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलास हे टाचण प्रथम आपल्या बोलीत तोंडी मांडू द्यावे. विचार जुळला की मराठी वाक्ये मागून येतात. विषयही दूरचे नकोत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दोन शेजारी जिल्ह्यांनी दोन वाटा धरल्या, त्यांपैकी कोणती बरी? या प्रश्नावर दोन्ही बाजूंस सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि पुरावा प्रत्येक मुलाच्या गावातच आहे.

या जिल्ह्यांतील मुलांस पुढेमागे जमीन, जंगल, रस्ता, शाळा यांसाठी अर्ज आणि दावे लिहावेच लागणार आहेत. ते दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागू नयेत, हे निबंधाच्या तासाचे खरे प्रयोजन होय.