सुलोचना (रूबी मायर्स)

(१९०७–१० ऑक्टोबर १९८३). मूकपटांच्या काळातील अग्रगण्य भारतीय अभिनेत्री. मूळ नाव रूबी मायर्स. जन्म पुणे येथे एका बगदादी ज्यू कुटुंबात. प्रारंभी त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करीत. कोहिनूर फिल्म कंपनीतील दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम नकार दिला. त्या काळी कुलीन समजल्या जाणाऱ्या घरांतील स्त्रिया चित्रपटव्यवसायापासून दूर राहत. त्यामुळे ज्यू व अँग्लो-इंडियन समाजांतील तरुणींना या क्षेत्रात वाव मिळाला व त्यांतील अनेकींनी भारतीय नावे धारण केली. ‘सुलोचना’ हे नावही असेच घेतलेले होय.

वीरबाला (१९२५) या चित्रपटाने त्यांच्या कारकीर्दीस प्रारंभ झाला. सिनेमा क्वीन (१९२६) व टायपिस्ट गर्ल (१९२६) यांमुळे आधुनिक शहरी युवतीची त्यांची प्रतिमा लोकप्रिय झाली. इंपीरियल फिल्म कंपनीच्या वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे (१९२७) मध्ये त्यांनी आठ भूमिका केल्या. माळी, पोलीस आणि युरोपीय तरुणी या त्यांपैकी काही होत. आर. एस. चौधरी दिग्दर्शित अनारकली (१९२८) मुळे त्यांची कीर्ती कळसास पोहोचली. त्यांचे मासिक वेतन पाच हजार रुपये होते, असे सांगितले जाते.

मूकपटास भाषेचे बंधन नव्हते. बोलपटाने मात्र अभिनेत्यांपुढे उच्चारांची कसोटी उभी केली. इंपीरियलने १९३१ मध्ये आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट काढला, त्यात नायिकेची भूमिका जुबेदा यांनी केली. सुलोचना यांचे हिंदुस्थानीवर पुरेसे प्रभुत्व नव्हते. काही काळ चित्रपटांपासून दूर राहून त्यांनी त्या भाषेचा अभ्यास केला व माधुरी (१९३२) या बोलपटाद्वारे पुनरागमन केले. माधुरी (१९२८) या त्यांच्याच मूकपटाची ती बोलकी आवृत्ती होती. पाठोपाठ इंदिरा बी. ए. (१९२९) वरून इंदिरा एम. ए. (१९३४), तसेच अनारकली (१९३५) व बंबई की बिल्ली (१९३६) हे बोलपट आले. त्यांतील अनेक चित्रपटांत डी. बिलिमोरिया हे त्यांचे नायक होते. मूक अभिनेत्रीने आपलेच यश वाणीच्या बळावर पुन्हा मिळविल्याचे हे विरळा उदाहरण होय.

त्यांनी रूबी पिक्स ही निर्मितिसंस्थाही स्थापन केली. तथापि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची लोकप्रियता ओसरली आणि त्या दुय्यम भूमिकांकडे वळल्या. अनारकली (१९५३) मध्ये नायिका बीना रॉय होत्या, तर सुलोचना यांनी सलीमच्या मातेची भूमिका केली. खट्टा मीठा (१९७८) पर्यंत त्या चित्रपटांतून दिसत राहिल्या. त्यांना १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांच्या मूकाभिनयाची कल्पना मुख्यत्वे तत्कालीन छायाचित्रे, जाहिराती व वृत्तांत यांवरूनच करावी लागते. मराठी चित्रपटांतील प्रसिद्ध अभिनेत्री सुलोचना लाटकर या भिन्न होत.