चंदीगडचे घर आणि परदेशस्थ मालक

फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबच्या राजधानीसाठी चंदीगड वसविण्यात आले. त्याच १९४७ साली लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकाने भांडवली नफ्यावर कर आणला. तो १९४९ मध्ये रद्द झाला व कॅल्डॉर यांच्या शिफारशीनंतर १९५६ मध्ये परतला. पुढे चंदीगडचे कित्येक घरमालक परदेशी स्थायिक झाले, घरे भाड्याने गेली. अनिवासी विक्रेत्याचा कर कापून सरकारात भरण्याचे दायित्व १९६१ च्या कायद्याने खरेदीदारावर टाकले. २०२४ मध्ये दर साडेबारा टक्के झाला. मात्र जुन्या घरांची खरेदीकिंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून वीस टक्के दराने कर देण्याची मुभा केवळ निवासींसाठी राहिली. एका घराचे वारस दोघे भाऊ असले, तरी ही निवड परदेशस्थाला नाही. फरक घराच्या किमतीत नसून मालकाच्या वास्तव्यात आहे. म्हणून हिशेब विक्रीपूर्वीच मांडावा, हे इष्ट.